अवर्षणातले शिकारी : खोल समुद्रातले शार्क काय खातात?

उत्तरेकडच्या थंड पाण्यात राहणारा २२४ किलो वजनाचा ग्रीनलंड शार्क दिवसाला किती खात असेल? २०२२ साली संशोधकांच्या एका गटाने याचा हिशेब प्रसिद्ध केला. शार्कच्या अंगावर नोंदयंत्रं बसवून त्यांनी त्याचा वेग, शेपटीचे फटके आणि पाण्याचं तापमान टिपलं, त्यावरून त्याची ऊर्जा किती खर्च होते ते काढलं आणि तो खर्च भरून यायला किती अन्न लागेल ते मांडलं. उत्तर निघालं ६१ ते १९३ ग्रॅम. तीन-चार माणसांच्या वजनाचा हा मासा रोज पाव किलोसुद्धा खात नाही. पोहतोही तसाच, सेकंदाला जेमतेम एक-तृतीयांश मीटर. आयुष्य मात्र शतकांच्या मापात मोजावं लागतं.

शार्क म्हटलं की पाण्यावर फिरणारा त्रिकोणी पर आणि मागोमाग रक्त, हे चित्र १९७५च्या ‘जॉज’ने जगभर पक्कं केलं. ते चित्र ज्या जातीवरून काढलं ती जात उजेडाच्या पाण्यात शिकार करणारी. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या २०० मीटरच्या खालच्या पाण्यातल्या आहेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. समुद्रात तेवढंच खाली उतरलं की यांतल्या बऱ्याच जातींचा मुलूख लागतो. त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते मात्र वरच्या भावंडांवरून उचललेलं असतं. खादाड, काहीही गिळणारे, सतत भुकेले. गेल्या सव्वाशे वर्षांत जे हाती आलं ते एकत्र वाचलं तर हे वर्णन टिकत नाही. हे प्राणी दुष्काळी मुलखात राहतात, आणि त्यांचं खाणं समजून घ्यायचं तर सुरुवात दुष्काळापासून करावी लागते.

खोल पाण्यात ऊन पोचत नाही, म्हणून वनस्पती नाहीत आणि म्हणून तिथलं असं पीक नाही. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांभोवतीचे थोडे अपवाद सोडले तर खालचं सगळं जगणं वरून गळून येणाऱ्या अन्नावर चालतं. उजेडाच्या थरात जे तयार होतं त्यातलं बहुतेक वाटेतच खाल्लं जातं किंवा कुजून जातं. हजार मीटरपर्यंत शंभरातले काही थोडेच भाग उरतात आणि त्याखाली आणखी कमी. हे अन्न तीन वाटांनी येतं. एक म्हणजे मेलेल्या सूक्ष्म जीवांचा, विष्ठेचा आणि चिकट कणांचा अखंड भुरभुराट. तो शार्कच्या तोंडी लागण्याइतका मोठा नसतो, पण कोळंबी, खेकडे, कृमी त्यावर पोसतात आणि शार्क त्यांना खातात. दुसरी वाट जिवंत प्राण्यांची: दिवसा खोल अंधारात दडणारे आणि रात्री वर चरायला जाणारे अगणित छोटे मासे, माकूल, कोळंबी. पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं रोजचं स्थलांतर आहे. तिसरी वाट क्वचितची, पण घसघशीत. एखादा देवमासा मरतो आणि टनावारी मांस एकदम तळाशी येऊन पडतं. खोल पाण्यातल्या शार्कच्या जाती या तीन वाटांवर कमीअधिक बसलेल्या आहेत आणि बहुतेक जाती एकाहून अधिक वाटा धरून असतात. आवडीनिवडीला तिथे फारसा वाव नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून हे सगळं दिसत नाही, आणि त्याला भूगोल कारण आहे. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. सोलापूरहून रेल्वेने मुंबई गाठावी आणि पुन्हा त्या अंतराच्या निम्म्याहून जास्त वाट समुद्रात जावं, तेव्हा कुठे तळ खऱ्या अर्थाने खाली उतरायला लागतो. त्यामुळे ससून डॉकवर किंवा मालवणच्या बाजारात जी मुशी किंवा मोरी दिसते ती उथळ पाण्यातली. मुंबईत सर्वाधिक मिळणारी छोटी स्कोलिओडॉन मुशी किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात कोळंबी आणि बारीक मासे खाते. कोकणात जिचं मटण रांधतात तिचा आणि हजार मीटरवरच्या मुशीचा संबंध कुळापुरता. दक्षिणेकडे, केरळच्या समोर, मंच अरुंद होत जातो आणि खोल पाणी होडीच्या टप्प्यात येतं. म्हणून अरबी समुद्रातल्या खोल शार्कांविषयीचं आपलं ज्ञान कोचीमार्गे आलं आहे.

त्या ज्ञानाचा पहिला अध्याय मात्र मुंबईच्या गोदीत सुरू होतो. १८८१ साली तिथे ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण-जहाज बांधलं गेलं. काम किनाऱ्याचे नकाशे करण्याचं. पण जहाजावर एक डॉक्टर असे आणि तो निसर्गअभ्यासकही असे. १८८८ ते १८९२ या काळात ती जागा आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होती. तळावरून जाळं ओढून त्यांनी बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात जे वर काढलं त्यात काही छोट्या खोलसागरी मुशी होत्या. १८९१ मध्ये वर्णन केलेली, आज ‘बायथेल्युरस हिस्पिडस’ नावाने ओळखली जाणारी कॅटशार्क त्यांतलीच.

तिच्या पोटात काय असतं याची नीट पाहणी व्हायला पुढची ऐंशी वर्षं गेली. १९७३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आर. व्ही. नायर आणि के. के. अप्पुकुट्टन यांनी खोल समुद्रातल्या तीन शार्कांच्या आहारावर निबंध छापला. एक अल्कॉकची कॅटशार्क. दुसरी ‘एरिडॅक्निस रॅडक्लिफी’, जेमतेम वीतभर वाढणारी, जगातल्या सर्वांत छोट्या शार्कांपैकी एक. तिसरी ‘आयागो ओमानेन्सिस’. बारीक मासे, कोळंबीवर्गातले प्राणी आणि माकूल, असा तिघींचा साधारण आहार. वाचायला रुक्ष वाटतो, पण आपल्या पाण्यातल्या या विषयाची पायाभरणी म्हणून मी या निबंधाला वरचं स्थान देतो. रक्तपिपासू राक्षसाच्या जागी इथे वीतभर मुशी आणि तिच्या पोटातली कोळंबी आहे.

तिसरीकडे, आयागोकडे, जरा थांबायला हवं, कारण अरबी समुद्राचं वेगळेपण तिच्यात दिसतं. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम या समुद्रात फिरली. ओमानच्या बाजूला एका खोलीच्या पट्ट्यात तळावरून ओढलेलं जाळं जवळपास निर्जीव येत होतं. आज कारण पक्कं माहीत आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १२०० मीटरच्या दरम्यान प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड थर आहे, जगातल्या सर्वांत ठळक अशा थरांपैकी एक. मोसमी वाऱ्यांमुळे वरच्या पाण्यात भरमसाट सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या मरून खाली येतात आणि त्यांच्या कुजण्यात प्राणवायू खर्ची पडतो. वरचं पीक जितकं जोमदार, तितकी खालची हवा कोंदट. आयागो या हवेत राहते. तिचे कल्ले शरीराच्या मानाने मोठे असतात, डोळेही मोठे. याच मोहिमेत मिळालेल्या नमुन्यांवरून १९३९ साली तिचं प्रथम वर्णन झालं. तांबड्या समुद्रात ती दोन हजार मीटरच्याही खाली सापडली आहे.

याच कोंदट थरात दिवसा लपायला येतात ते लँटर्नफिश, म्हणजे अंगावर बारीक दिव्यांच्या ओळी असलेले बोटभर मासे. १९७०च्या दशकापासून ‘डॉ. फ्रिट्योफ नान्सेन’ या नॉर्वेजियन जहाजाने केलेल्या पाहण्यांवरून अरबी समुद्रातला या माशांचा साठा सुमारे १० कोटी टन असावा असा अंदाज मांडला गेला. पुढे अनेकांनी तो फुगवलेला मानला, आणि तसा असेलही. निम्मा धरला तरी तो अफाट आहे. प्राणवायू कमी असल्याने मोठे, वेगवान शिकारी या थरात फार वेळ थांबू शकत नाहीत. लँटर्नफिशना ती एक प्रकारची गढी मिळते. आयागोसारखी मुशी मात्र गढीच्या आतच राहते. तिच्या मोठ्या कल्ल्यांचा फायदा केवळ श्वासासाठी नसून भाकरीसाठीही असावा, असं मला वाटतं. ती नेमकी कुठल्या घटकेला, कुठल्या थरात झडप घालते हे पाहायला या समुद्रात कॅमेरे लावावे लागतील.

आता मूळ अडचणीकडे वळू. हे सगळं आपल्याला कळतं कसं? बहुतेक वेळा पोट फाडून. शार्क मरतो, बंदरावर येतो, कोणीतरी जठर काढून त्यातला ऐवज चाळणीवर धुतो, तुकडे ओळखतो, मोजतो, वजन करतो. पद्धत सरळ वाटते आणि ठिकठिकाणी दगा देते. खोलातून वर ओढताना पुष्कळ शार्क पोटातलं ओकून टाकतात. कित्येकांचं जठर उलटं होऊन तोंडाबाहेर आलेलं असतं. गळावर आलेल्या माशाच्या पोटात आमिषच सापडतं. जाळ्यातून आलेल्याने जाळ्यातच शेजारच्याला गिळलेलं असू शकतं. पचन प्रत्येक गोष्टीचं सारख्या वेगाने होत नाही: माकुलाची शिंगासारखी चोच आणि माशाच्या कानातला खडा बराच काळ टिकतो, मऊ जेलीचे प्राणी तासाभरात दिसेनासे होतात. त्यामुळे चोची मोजून काढलेल्या यादीत माकूल फुगतं आणि मऊ प्राणी गायब होतात. आणि बरीच पोटं चक्क रिकामी निघतात. खोल पाण्यातल्या जातींच्या अभ्यासांत अर्ध्याहून अधिक पोटं रिकामी असणं ही रोजची गोष्ट आहे.

रिकाम्या पोटाचे दोन अर्थ होतात: ओकला असेल, किंवा जेवलाच नसेल. दुष्काळी मुलखाचा विचार केला तर दुसरा अर्थही तितकाच खरा ठरतो. जपानच्या सुरुगा उपसागरातल्या फ्रिल्ड शार्कवर १९९१ साली झालेला अभ्यास इथे आठवतो. सापासारखं लांब अंग, तोंडात तीन टोकांचे सुमारे ३०० दात, एकंदर ध्यान पुरातन. बहुतेक पोटं रिकामी किंवा ओळखू न येणाऱ्या लगद्याची. जे ओळखू आलं त्यात सुमारे ६० टक्के माकूल, त्यातही वेगवान जातींचं. इतका सुस्त पोहणारा मासा चपळ माकूल पकडतो कसा? एक उत्तर असं सुचवलं गेलं की अंडी घातल्यावर थकून मरणाला टेकलेलं माकूल त्याच्या वाट्याला येत असावं. दुसरं असं की आत वळलेल्या सुईसारख्या दातांत एकदा अडकलेलं भक्ष्य सुटत नाही, म्हणून एक झडपही पुरते. मला पहिलं उत्तर जास्त पटतं. पण दोन्ही उत्तरं मेलेल्या माशावरून काढलेली आहेत हे विसरून चालणार नाही.

१९९९ साली एन्रिक कोर्टेस यांनी शार्कच्या १४९ जातींच्या आहाराची जगभरची माहिती एका मापात बसवली आणि अन्नसाखळीतलं प्रत्येकीचं स्थान काढलं. बहुतेक शार्क चौथ्या पायरीच्या आसपास आले, म्हणजे मांसाहाऱ्यांना खाणारे मांसाहारी. हे काम मोलाचं आहे आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. खोल पाण्यातल्या जातींबाबत मात्र कित्येक आकडे मोजक्या पोटांवर उभे आहेत. एखाद्या ग्रंथात ‘या जातीचं मुख्य अन्न अमुक’ असं छापलेलं दिसलं की ते किती पोटांवरून, कुठल्या हंगामात, गळाच्या की जाळ्याच्या, हे आधी विचारावं.

अंदाज कसा उलटू शकतो याचं उत्तम उदाहरण कुकीकटर शार्क. अर्ध्या मीटरचा हा मासा देवमासे, डॉल्फिन, ट्यूना यांच्या अंगाला ओठांनी चिकटतो, खालच्या जबड्याची करवत रोवतो, गिरकी घेतो आणि मांसाचा गोल लचका काढून पसार होतो. १९७०च्या दशकात अमेरिकी पाणबुड्यांच्या सोनारवरचं रबरी आवरणही त्याने असंच कुरतडलं होतं. पोटाकडून तो मंद निळसर उजळतो आणि गळ्याभोवती एक काळा पट्टा असतो. खालून पाहणाऱ्याला तो पट्टा छोट्या माशाच्या सावलीसारखा दिसत असावा आणि फसून आलेल्यालाच चावा बसत असावा, असं १९९८ साली मांडलं गेलं. कहाणी इतकी सुबक की सगळ्यांनी मानली: हा परजीवी, मोठ्या प्राण्यांच्या लचक्यांवर जगणारा. २०२१ साली हवाईजवळच्या नमुन्यांवर रासायनिक खुणा आणि पोटातला डीएनए तपासला गेला, तेव्हा उलट चित्र निघालं. वरच्या पाण्यातल्या मोठ्या प्राण्यांचा वाटा त्याच्या आहारात दहा टक्क्यांहूनही कमी होता. बाकीचं सगळं खोल थरातले छोटे मासे, माकूल आणि कोळंबीवर्गीय प्राणी. लचके आपल्याला दिसतात, कारण देवमासा आणि ट्यूना आपल्या नजरेत असतात. काळोखात गिळलेली कोळंबी कोण पाहतो?

रासायनिक खुणांची ही पद्धत थोडक्यात अशी. नायट्रोजनचा जड समस्थानिक अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला थोडा वाढत जातो. कार्बनच्या समस्थानिकावरून अन्न किनाऱ्याकडचं की खुल्या समुद्रातलं याचा माग लागतो. स्नायूचा छोटा तुकडा पुरतो आणि त्यात अनेक महिन्यांच्या जेवणाची सरासरी असते, शेवटच्या घासाची नव्हे. शार्कच्या बाबतीत एक खोच आहे. पाण्याच्या खारटपणाला तोंड देण्यासाठी शार्क आपल्या मांसात युरिया साठवतात (जुन्या मुशीला उग्र वास येतो तो यामुळेच) आणि युरियात नायट्रोजन असतो. तो आधी धुऊन काढला नाही तर मोजमाप चुकतं. चरबीचंही तेच. जुन्या अभ्यासांतले काही आकडे यामुळे शंकेत सापडले आहेत.

भक्ष्य तोंडात घेण्याच्या तऱ्हांवर लिहायचं तर स्वतंत्र लेख होईल, म्हणून दोनच. गॉब्लिन शार्कचा जबडा झडपेच्या क्षणी तोंडातून पुढे फेकला जातो. जपानी चित्रफितींवरून २०१६ साली मोजलेला वेग सेकंदाला ३.१ मीटर, माशांमधला सर्वांत जलद. अंगाने ढिला, पोहण्यात मंद असा मासा सगळी चपळाई जबड्यापुरती राखून ठेवतो. ब्रॅम्बल शार्कच्या अंगावर काट्यांचे टिकले असतात. तोंडाची आणि घशाची पोकळी मोठी, त्यामुळे तो भक्ष्य ओढून घेत असावा असा तर्क आहे. हा ब्रॅम्बल आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर सापडतो आणि कोचीच्या बंदरात उतरवला जातो. के. व्ही. अखिलेश आणि सहकाऱ्यांनी त्याच्या प्रजननावर आणि आहारावर २०१३ साली निबंध छापला. जगात इतरत्र दुर्मीळ मानलेल्या या जातीची पोटं आपल्याकडे मोठ्या संख्येने तपासता आली, कारण ती मोठ्या संख्येने मारली जात होती.

मारली जात होती ती यकृतासाठी. खोल पाण्यातल्या शार्कचं यकृत शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत जाऊ शकतं आणि ते तेलाने भरलेलं असतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिकली की ती पेवात भरून ठेवत आणि दोन-तीन वाईट सालं त्यावर निघत. शार्कचं यकृत हे तसं पेव आहे. फरक इतकाच की हे पेव त्याला तरंगतंही ठेवतं. इतर बऱ्याच माशांच्या अंगात असते तशी हवेची पिशवी शार्कला नसते. तेल पाण्याहून हलकं, त्यातलं स्क्वालिन तर फारच हलकं, म्हणून शेपूट न हलवताही तो बुडत नाही. तरंगण्याचा खर्च वाचला की भूकही कमी. स्क्वालिन मुख्यतः तरंगण्यासाठी आणि इतर चरबी अडीअडचणीला, अशी साधारण वाटणी मानली जाते. २०१५ साली हवाईजवळच्या सिक्सगिल आणि ब्रॅम्बलचा भाऊबंद असलेल्या प्रिकली शार्कवर यंत्रं बसवली, तेव्हा ते पाण्याहून किंचित हलकेच निघाले. खाली उतरताना शेपूट मारावी लागते, वर येताना नुसतं तरंगत येता येतं. खालून, आवाज न करता, पाणी न हलवता भक्ष्यापर्यंत पोचायला ही सोय उपयोगी पडत असावी, असं संशोधकांनी सुचवलं.

या पेवालाही मर्यादा आहे. साधारण ३००० मीटरच्या खाली शार्क जवळपास नाहीत. आजवरची सर्वांत खोल नोंद पोर्तुगीज डॉगफिशची, ३६७५ मीटर. हाडांचे मासे आठ हजार मीटरपर्यंत जातात. महासागराचा मोठा भाग शार्कविना आहे, हे इमॅन्ट्स प्रीड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ठळकपणे मांडलं. त्यांचं स्पष्टीकरण आहाराचंच: इतकं तेलकट यकृत बाळगायला जेवढं सकस अन्न लागतं तेवढं त्या खोलीवर मिळत नाही. दुसरं स्पष्टीकरण दाबाशी जुळवून घेणाऱ्या अंगातल्या रसायनांच्या मर्यादेचं आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. खोलातला हा पोर्तुगीज डॉगफिश देवमाशांची चरबी खातो हे त्याच्या पोटातल्या तुकड्यांवरून माहीत आहे. मेलेल्या देवमाशावर सिक्सगिल तुटून पडताना पाणबुडीच्या कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. खोटी कॅटशार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, ढिल्या माशाच्या पोटात कॅनरी बेटांजवळ बटाटे, एक नासपती, प्लास्टिकची पिशवी आणि शीतपेयाचा डबा निघाला होता. ‘काहीही गिळणारा’ हा शिक्का अशाच गोष्टींवरून बसतो. वरून पडेल ते अन्नच असतं हा अनुभव त्या प्राण्याच्या कुळाने लाखो वर्षं घेतला आहे. जहाजावरून डबे पडणं अलीकडचं.

दुष्काळी मुलखात वाढही सावकाश होते. गल्पर शार्क उशिरा वयात येतो आणि एका विणीत बहुधा एक-दोनच पिल्लं देतो. शेजारी मालदीवमध्ये १९८०च्या सुमारास यकृताच्या तेलासाठी त्याची मासेमारी सुरू झाली, काही वर्षांत ती शिगेला पोचली आणि वीस-बावीस वर्षांत साठा शेकडा ९० हून अधिक घटला. आपल्या बाजूला या शतकाच्या सुरुवातीपासून कोचीत अशी आवक वाढली. हे मच्छीमार बरेचसे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर परिसराचे, खोल समुद्रात लांब दोरीचे गळ टाकण्यात वाकबगार. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून कॉड लिव्हर ऑइल येणं थांबलं तेव्हाही मुशीच्या यकृताचं तेल देशी कारखान्यांत काढलं गेलं होतं, पण ते अ जीवनसत्त्वासाठी आणि किनाऱ्याजवळच्या मुशींपासून. आताची मागणी स्क्वालिनची: प्रसाधनं, औषधं, काही लशी. सोलापूरच्या नवी पेठेत मिळणाऱ्या एखाद्या क्रीमच्या वेष्टनावर ‘स्क्वालेन’, म्हणजे स्क्वालिनचंच एक रूप, वाचायला मिळेल. ऑलिव्ह आणि उसापासूनही ते काढता येतं, पण या क्रीममधलं कशाचं, हे वेष्टन बहुधा सांगत नाही. २०२४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात खोल पाण्यातल्या शार्क-रे वर्गातल्या ५२१ जातींपैकी सातातली एक नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं, आणि धोक्यातल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जाती यकृताच्या तेलासाठी वापरल्या जातात.

म्हणजे यांच्या जेवणाविषयी जे कळलं ते बहुतांशी तेलाच्या धंद्याच्या मागे मागे कळलं. जिथे यकृत विकलं जातं तिथे जठर फुकट मिळतं. या योगायोगाने अभ्यासाचा नकाशाही वाकडा झाला आहे: कोची भरलेली, मुंबई-रत्नागिरीसमोरच्या उताराची जागा विरळ. भारत सरकारचं डीप सी फिशिंग स्टेशन १९४६ साली मुंबईतच सुरू झालं. त्यातूनच पुढे घडलेल्या फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय आजही तिथे आहे. १९८४ पासून ‘सागर संपदा’ हे संशोधन-जहाज खोल उतारावर जाळी टाकत आलं आहे. या जहाजांवर वर आलेल्या प्रत्येक मुशीचा एक स्नायूचा तुकडा आणि जठर राखून ठेवणं हे काम खर्चिक नाही. उत्तर अरबी समुद्राच्या कोंदट थरातली मुशी दक्षिणेकडच्या मुशीहून वेगळं खाते का, हा प्रश्न तेवढ्याने पुष्कळ पुढे सरकेल.

घाई करायला कारण आहे. केरळसमोरच्या खोल पाण्यातल्या कोळंबीच्या ट्रॉलरमध्ये लँटर्नफिश आपोआप येतात आणि बहुधा समुद्रात फेकले जातात. त्यांचं मत्स्यचूर्ण, तेल, कोंबड्यांचं आणि माशांचं खाद्य करता येईल का, यावर आपल्याकडे प्रयोग झाले आहेत, आणि दहा कोटी टनांचा तो जुना आकडा अशा प्रस्तावांत अजून डोकावतो. त्या साठ्यातून किती काढता येईल याचं गणित मांडताना आयागो, गल्पर आणि वीतभर एरिडॅक्निस यांचा वाटा वजा करावा लागेल. तो किती धरायचा, याला आज आधार आहे तो १९७३च्या निबंधाचा, कोचीच्या बंदरातल्या नोंदींचा आणि बऱ्याच रिकाम्या पोटांचा.